स्मृतिभ्रंश आणि घरातील शुश्रूषा

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपण सारेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. म्हातारपणी माणूस विसरणारच, हट्ट करणारच, तेच तेच बोलणारच, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. या समजुतीत थोडा विनोद आहे, थोडी सहानुभूतीही आहे. परंतु तिच्यामुळे एक नुकसान झाले आहे. मेंदूच्या एका खऱ्याखुऱ्या आजाराला आपण वयाचा स्वभाव समजून बसलो आहोत. या आजाराला डिमेन्शिया म्हणतात आणि मराठीत त्याला स्मृतिभ्रंश हा शब्द रूढ झाला आहे. आमटीत मीठ घालायला विसरणे हे कोणाच्याही हातून घडते. परंतु चाळीस वर्षे रोज केलेली आमटी करायची कशी, हेच एखाद्या आजीला चुलीपुढे उभे राहून आठवेनासे झाले, तर तो केवळ वयाचा परिणाम म्हणता येणार नाही.

हा विषय मी का निवडला, हे आधी सांगणे योग्य होईल. माझी आई पुण्यात लोकांच्या घरी जाऊन आजारी वृद्धांची शुश्रूषा करण्याचे काम करते. या कामाला ब्यूरोच्या भाषेत 'बारा तासांची ड्यूटी' म्हणतात आणि ते करणाऱ्या बाईला सगळीकडे 'मावशी' म्हणतात. गेल्या नऊ वर्षांत तिने सांभाळलेल्या पेशंटपैकी चौघे स्मृतिभ्रंशाचे होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. मानसशास्त्राच्या तासाला 'स्मृती' हे प्रकरण सुरू झाले, तेव्हा पुस्तकातले पुष्कळसे आपण आईच्या तोंडून रात्री जेवताना ऐकलेले आहे, असे माझ्या ध्यानात आले. पुस्तकात त्या गोष्टींना नावे होती, आईकडे नावे नव्हती, एवढाच काय तो फरक. म्हणून तिचा अनुभव आणि माझे वाचन यांची सांगड घालून हा लेख लिहीत आहे.

प्रथम आजाराविषयी थोडेसे. १९०१ साली जर्मनीतील फ्रँकफर्ट येथील मनोरुग्णालयात आउगुस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची एक स्त्री दाखल झाली. तिला नवऱ्याविषयी विनाकारण संशय येई, वस्तूंची नावे आठवत नसत, स्वतःचे नाव लिहिता लिहिता ती मध्येच अडे. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिच्याशी झालेले संभाषण बारकाईने लिहून ठेवले. १९०६ साली ती मरण पावली, तेव्हा त्यांनी तिच्या मेंदूची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली. पेशींच्या बाहेर प्रथिनांचे साठे जमलेले आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता झालेला त्यांना आढळला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्युबिंगन येथील सभेत त्यांनी हे निष्कर्ष मांडले. पुढे १९१० साली एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमर यांचे नाव दिले.

स्मृतिभ्रंश हे लक्षणसमूहाचे नाव आहे आणि अल्झायमर हा त्याचा सर्वांत मोठा प्रकार आहे. शंभरातील साठ ते सत्तर रुग्ण या प्रकारचे असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मेंदूच्या रक्तवाहिन्या बिघडल्यामुळे होणारा दुसरा प्रकारही आपल्याकडे बराच आढळतो. शिवाय काही वेळा थायरॉईडची कमतरता, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, नैराश्य, पडल्यामुळे कवटीच्या आत साकळलेले रक्त किंवा काही औषधे यांमुळेही माणूस विसराळू होतो आणि योग्य उपचाराने पुष्कळ सुधारतो. म्हणूनच 'आता वयच झालं' असे म्हणून घरी बसण्यापेक्षा एकदा डॉक्टरांकडून नीट तपासणी करून घेणे अत्यंत आवश्यक आहे.

हा प्रश्न किती मोठा आहे? जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२१ साली जगात ५ कोटी ७० लाख लोकांना स्मृतिभ्रंश होता. भारताविषयी २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार साठीच्या पुढील लोकांत हे प्रमाण शेकडा ७.४ पडते, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आढळले. ज्यांना शाळा मिळाली नाही त्यांच्यात ते आणखी वाढते. २०२४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने टाळता येण्यासारखी जी चौदा कारणे सांगितली, त्यांतही बालपणी शिक्षण कमी मिळणे हे एक कारण आहे. उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, ऐकू कमी येणे आणि एकटेपणा ही त्या यादीतली आणखी काही. मला हे वाचून आमच्या गावाकडच्या म्हाताऱ्या बायका आठवल्या. ज्यांच्या हाती पाटी कधी आलीच नाही, त्यांच्याच वाट्याला हा धोका अधिक यावा, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

अल्झायमर पूर्ण बरा करणारे औषध आजही नाही. काही औषधांनी काही रुग्णांची लक्षणे काही काळ सौम्य होतात. तेव्हा पुढची आठ-दहा वर्षे त्या माणसाला कोण आणि कसे सांभाळते, यावरच त्याचे सुखदुःख अवलंबून राहते. आपल्याकडे अशा रुग्णांसाठी असलेल्या संस्था हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. बहुतेक सारे रुग्ण घरीच असतात. सांभाळणारी व्यक्ती बहुधा पत्नी, सून किंवा मुलगी असते. जिथे मुले परदेशी किंवा परगावी आहेत, किंवा घरातील दोघेही नोकरीला जातात, तिथे ब्यूरोमार्फत मावशी येते. रुग्णाच्या दृष्टीने घरी राहणे हे पुष्कळदा हिताचेही असते. पायाखालची वाट, नेहमीची खुर्ची, देवघरातला उदबत्तीचा वास यांचा त्याला आधार वाटतो. मात्र घर नुसते असून भागत नाही. त्या घरात वागायचे कसे, हे माहीत असावे लागते.

या वागण्यामागचे तत्त्व समजण्यासाठी स्मृतीचा एक विशेष लक्षात घेतला पाहिजे. अल्झायमरमध्ये मेंदूचा नवी आठवण साठवणारा भाग लवकर बिघडतो. त्यामुळे सकाळी काय खाल्ले हे सांगता येत नाही, परंतु लग्नात कोणती साडी नेसली होती हे सांगता येते. भावना मात्र आठवणीबरोबर पुसली जात नाही. २०१४ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातील संशोधकांनी अल्झायमरच्या रुग्णांना काही दुःखद आणि काही आनंदाच्या चित्रफिती दाखवल्या. थोड्याच वेळाने चित्रफितीत काय होते ते त्यांना धड सांगता येईना. तरीही त्यांच्या मनातले दुःख किंवा आनंद तसाच टिकून होता. माझ्या आईने हा प्रयोग वाचलेला नाही. ती एवढेच म्हणते, "आठवण गेली तरी अपमान कळतो गं त्यांना." मला वाटते, स्मृतिभ्रंशाच्या शुश्रूषेचे सारे शास्त्र या एका वाक्यात आले आहे. ज्याच्या आठवणी आपण परत देऊ शकत नाही, त्याचा दिवस मात्र आपण सुखाचा किंवा दुःखाचा करू शकतो.

आता या तत्त्वाचा व्यवहार पाहू. आई एका आजींकडे होती. त्यांचे यजमान अकरा वर्षांपूर्वी गेलेले. आजी रोज संध्याकाळी विचारीत, "हे अजून कसे आले नाहीत?" त्यांची मुलगी सुशिक्षित आणि प्रेमळ होती, खोटे बोलू नये म्हणून ती दर वेळी सांगे, "आई, बाबा गेले ना." आणि दर वेळी आजी नव्याने विधवा होऊन रडत. पाच मिनिटांनी बातमी विसरली जाई, रडणे मात्र रात्रीपर्यंत पुरे. आईने उत्तर देण्याऐवजी उलट विचारायला सुरुवात केली, "आजी, काका आल्यावर चहा घेत की कॉफी?" मग आजी चहाविषयी, त्यांच्या सायकलविषयी, त्यांच्या रागाविषयी बोलत राहत. प्रश्न पुन्हा येई, पण रडणे थांबले. यात खोटे बोलणे आहे काय, असा प्रश्न एखाद्याला पडेल. मलाही पडला होता. परंतु आईने 'येतील' असे म्हटले नाही आणि 'गेले' असेही म्हटले नाही. प्रश्नामागे यजमानांची आठवण होती, तिला तिने वाट करून दिली.

दुसरे एक पेशंट निवृत्त शिक्षक होते. दुपार कलली की ते कपडे करून शाळेला निघत. दार अडवले की चिडत, एकदा तर हात उगारला. संध्याकाळच्या वेळी अशा रुग्णांची बेचैनी वाढते, हे डॉक्टरांनाही परिचित आहे. दिवसभराचा थकवा, कमी होणारा उजेड, लांबणाऱ्या सावल्या यांमुळे मेंदूचा गोंधळ वाढतो. आपल्याकडे या वेळेला कातरवेळ म्हणतात ते उगीच नव्हे. आईने दोन गोष्टी केल्या. चार वाजताच घरातले दिवे लावायला सुरुवात केली. आणि नातवाच्या जुन्या वह्यांचा गठ्ठा व लाल पेन्सिल टेबलावर ठेवून म्हटले, "सर, एवढ्या तपासायच्या राहिल्यात." सर बसले. पहिल्या दिवशी त्यांनी सोळा वह्या तपासल्या आणि गणितात कच्चा असल्याबद्दल नातवाला शेराही दिला.

अशी युक्ती एखादीला उपजत सुचते हे खरे, परंतु तिच्यामागचा विचार शिकवता येतो. इंग्लंडमधील टॉम किटवुड या विचारवंताने १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात असे प्रतिपादन केले, की रुग्णाकडे आजार म्हणून न पाहता माणूस म्हणून पाहिले पाहिजे. त्याचा स्वभाव, त्याचे पूर्वायुष्य, त्याच्या आवडीनिवडी यांवर शुश्रूषेची उभारणी झाली पाहिजे. सर शिक्षक होते हे माहीत नसते, तर वह्यांची कल्पना सुचलीच नसती. म्हणून नव्या घरी गेल्यावर आई पहिल्या दिवशी औषधांच्या वेळांच्या आधी दुसरेच प्रश्न विचारते: माहेर कुठले, नोकरी कुठे होती, कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, कशाची भीती वाटते, गाणी कोणती आवडतात. काही घरांतून या प्रश्नांचे आश्चर्य वाटते. मावशीला घरच्या चौकश्या कशाला हव्यात, असा भाव दिसतो. वस्तुतः ही माहिती म्हणजे तिच्या कामाची हत्यारे आहेत.

शरीराच्या सेवेतही अशीच समज लागते. स्नानाचेच उदाहरण घ्या. रुग्ण आंघोळीला नाही म्हणतो तेव्हा घरचे त्याला हट्टी समजतात. परंतु एक अनोळखी बाई आपले कपडे का काढत आहे आणि अंगावर हे काय ओततात, हे ज्याला कळत नाही, तो घाबरणारच. म्हणून पाणी आधी हाताला लावून दाखवायचे, पायापासून सुरुवात करायची, अंगावर पंचा राहू द्यायचा आणि पुढची कृती एकेक करून सांगायची. 'आंघोळ करून घ्या' हे आपल्याला एक वाक्य वाटते. रुग्णाला त्यात वीस कामे दिसतात. जेवणात पांढऱ्या ताटलीतला पांढरा भात त्याला नीट दिसत नाही, रंगीत ताटलीत वाढला की तो जेवतो. पुढच्या अवस्थेत गिळणे अवघड होते. तेव्हा आडवे पडून भरवणे धोक्याचे असते, कारण घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. रुग्ण अंथरुणाला खिळला की साधारणपणे दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, नाहीतर पाठीला व माकडहाडाला जखमा होतात. गॅसचा कॉक रात्री बंद करणे, बाथरूममध्ये पकडायला दांडी बसवणे, बाहेरच्या दाराची कडी नजरेआड लावणे आणि रुग्णाच्या खिशात नाव व फोन नंबर लिहिलेला कागद ठेवणे या साध्या गोष्टींनी मोठे अपघात टळतात. परंतु कोणत्याही कारणाने रुग्णाला घरात एकटे कोंडून मात्र ठेवू नये.

आणखी एक सूचना फार महत्त्वाची आहे. स्मृतिभ्रंश बहुधा हळूहळू वाढतो. एखादा रुग्ण दोन दिवसांत एकाएकी जास्त बडबडू लागला, गुंगीत गेला किंवा कोणालाच ओळखेनासा झाला, तर 'आजार वाढला' असे समजून स्वस्थ बसू नये. लघवीचा संसर्ग, तुंबलेला मलावरोध, शरीरातले पाणी कमी होणे, नवे औषध किंवा न सांगता आलेले दुखणे यांपैकी काहीतरी त्यामागे असू शकते. सरांच्या बाबतीत असेच झाले होते. डॉक्टरांना त्याच दिवशी बोलावले म्हणून लघवीचा संसर्ग लक्षात आला आणि आठवड्याभरात ते पूर्ववत वह्या तपासू लागले. बदल प्रथम कोणाच्या लक्षात येतो? जी व्यक्ती रोज त्याच्याजवळ असते तिच्या. म्हणूनच दर महिन्याला मावशी बदलणे रुग्णाच्या हिताचे नाही. दर वेळी त्याला नव्याने घाबरावे लागते आणि नव्या बाईला त्याचे कालचे रूप माहीत नसते.

येथे एका कटू विषयाला हात घालणे भाग आहे. संशय हे या आजाराचे लक्षण आहे. आउगुस्टे डेटरच्या बाबतीतही ते होते. रुग्ण वस्तू सुरक्षित राहावी म्हणून कुठेतरी लपवतो, लपवल्याचे विसरतो आणि 'चोरी झाली' असे त्याला मनापासून वाटते. मग समोर जी व्यक्ती असेल तिच्यावर आळ येतो. एका घरी आजींच्या सोन्याच्या पाटल्या सापडेनात. आजींनी आईचे नाव घेतले. घरच्यांनी पिशवी तपासली, ब्यूरोला फोन केला आणि आईला दुसऱ्या दिवसापासून येऊ नकोस म्हणून सांगितले. ब्यूरोने तीन आठवडे तिला दुसरी ड्यूटी दिली नाही. त्या महिन्यात माझ्या परीक्षेची फी शेजारच्या काकूंनी भरली. पाटल्या अकराव्या दिवशी तांदळाच्या डब्यात सापडल्या. हे आम्हांला त्या घरी धुणेभांडी करणाऱ्या बाईंकडून कळले. घरच्यांचा फोन आला नाही. आजींवर आईचा राग नाही. ती म्हणते, "त्यांना काय ठाऊक? घरच्यांना ठाऊक पाहिजे होतं." आता ती पहिल्याच दिवशी घरच्यांना दागिने व पैसे कुलपात ठेवायला सांगते आणि आजींच्या लपवण्याच्या जागा कोणत्या, हेही विचारून घेते. ही अट ऐकून कोणी नाराज झाले तरी ती सोडत नाही. मला वाटते, डॉक्टरांनी आजाराचे निदान सांगतानाच कुटुंबाला या लक्षणाची कल्पना द्यावी. त्याने कित्येक गरीब बायकांची अब्रू आणि रोजगार वाचेल.

याचा अर्थ कुटुंबाचीच सारी चूक असते असा मुळीच नाही. घरातल्या माणसांचे हालही मी पाहिले आहेत. रात्रीची झोप नाही, लग्नकार्याला जाता येत नाही, आणि ज्या आईने आपल्याला वाढवले तिनेच 'तू कोण?' असे विचारायचे! चिडचिड होते, मग चिडल्याचा पश्चात्ताप होतो. पैसे देऊन मावशी ठेवली तर 'म्हाताऱ्या आईला परक्या बाईच्या स्वाधीन केले' म्हणून नातेवाईक बोलतात, आणि बोलणारे एक रात्रही येऊन बसत नाहीत. सांभाळणाऱ्याला सांभाळणे हादेखील या शुश्रूषेचाच भाग आहे.

या बाबतीत आपल्या शेजारच्या गोव्यात झालेला एक प्रयोग सर्वांनी माहीत करून घेण्यासारखा आहे. तेथे डॉ. अमित डायस व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाचे रुग्ण असलेल्या ८१ कुटुंबांचा अभ्यास केला आणि तो २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील निम्म्या कुटुंबांना लगेच मदत सुरू केली आणि उरलेल्यांना ती सहा महिन्यांनंतर देण्याचे ठरवले, म्हणजे तुलना करता येईल. मदत करणारे डॉक्टर किंवा नर्स नव्हते. स्थानिक भाषा जाणणाऱ्या साध्या कार्यकर्त्यांना एक आठवड्याचे प्रशिक्षण देऊन त्यांना पंधरवड्यातून किमान एकदा घरी पाठवण्यात आले. आजार म्हणजे काय हे समजावणे, रोजच्या अडचणींवर मार्ग सुचवणे, घरातील इतरांना कामात वाटा उचलायला लावणे आणि सांभाळणाऱ्याचे ऐकून घेणे, एवढेच त्यांचे काम. पाठीशी समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ होते. सहा महिन्यांनंतर मदत मिळालेल्या घरांतील सांभाळणाऱ्यांचे मनःस्वास्थ्य निश्चितपणे सुधारलेले आढळले. रुग्णाच्या आजारात म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता, तरी त्याच्याबरोबरचे जगणे सुसह्य झाले होते. फार शिकलेली नसलेली माणसेही एका आठवड्याच्या शिक्षणाने हे काम करू शकतात, असे या प्रयोगाने दाखवून दिले. माझ्या दृष्टीने त्याचे मोल यातच आहे.

अशा माणसाचे एक सुंदर चित्र आपल्या मराठी चित्रपटातही आले आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या संस्कृत पंडिताची भूमिका केली आहे. हत्तीच्या मागे भरकटत गेलेल्या या पंडिताला माहुताची गरीब बायको चन्नम्मा सांभाळते. त्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना २०१३ सालचा साहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चन्नम्माला आजाराचे नाव ठाऊक नाही, पण समोरचा माणूस भुकेला आणि घाबरलेला आहे हे तिला कळते. आमच्या वस्तीत अशा चन्नम्मा पुष्कळ आहेत. मात्र त्यांच्या मायेवरच सारे सोपवून मोकळे व्हायचे, हे मला मान्य नाही. माया असली तरी कंबर दुखतेच.

माझी आई सकाळी साडेसहाला निघते, दोन बस बदलते आणि रात्री साडेनऊला परत येते. तिला पगारी सुट्टी नाही. पेशंट वारला की त्याच दिवशी रोजगारही संपतो आणि ज्याला दोन वर्षे न्हाऊमाखू घातले त्याच्यासाठी रडायला तिला वेळ नसतो. ब्यूरो आपला हिस्सा कापून घेते, पण शिकवत काहीच नाही. पहिल्या ड्यूटीला जाताना तिला फक्त पत्ता सांगितला होता. कौशल्यविकासाच्या योजनेत 'जनरल ड्यूटी असिस्टंट' आणि 'होम हेल्थ एड' असे अभ्यासक्रम आहेत. परंतु रोज बारा तास राबणाऱ्या बाईला ते करायला सवड कुठली? तेव्हा हे शिक्षण तिच्यापर्यंत जायला हवे: रविवारी, वस्तीत, मराठीतून. आणि ते घेतल्यावर पगारात फरक पडायला हवा. कुशल कामगाराला कारखान्यात जो मान मिळतो, तो माणूस सांभाळणाऱ्या कुशल हातांना का मिळू नये?

या कामाला दिशा देणाऱ्या संस्था आपल्या देशात आहेत. १९९२ साली केरळात स्थापन झालेली 'अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया' ही संस्था निरनिराळ्या शहरांतील शाखांमार्फत कुटुंबांना मार्गदर्शन करते. ज्येष्ठ नागरिकांसाठी सरकारची १४५६७ ही विनामूल्य दूरध्वनी-सेवा आहे. २१ सप्टेंबर हा दिवस जागतिक अल्झायमर दिन म्हणून पाळला जातो.

शेवटी माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींना आणि गुरुजनांना एक विनंती करावीशी वाटते. आपल्या कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेत आपण दर वर्षी झाडे लावतो, रस्ते झाडतो. त्यात आणखी एका कामाची भर घालता येईल. कॉलेजच्या आसपास ज्या घरी असा रुग्ण असेल, तिथे आठवड्यातून एकदा दोघादोघांनी जावे आणि दोन तास रुग्णाजवळ बसावे. एक जुनी वही न्यावी, जुनी गाणी विचारावीत. तेवढ्या वेळात घरची सून दवाखान्यात जाऊन येईल किंवा नुसतीच झोपेल, आणि मावशी निवांतपणे चार घास खाईल. जाण्यापूर्वी काय बोलावे आणि काय बोलू नये, हे कोणीतरी शिकवायला हवे. येत्या सत्रात त्यासाठी एखादा तास ठेवला, तर माझ्या आईला घेऊन यायची माझी तयारी आहे. ती कॉलेजात अजून एकदाही आलेली नाही. फक्त तास रविवारी ठेवावा लागेल आणि तिचा त्या दिवसाचा रोज बुडणार नाही, एवढे पाहावे लागेल.